व्हेक्टर चित्र पडद्यावर उमटताना

एसव्हीजी फाइल म्हणजे चित्र काढण्याच्या सूचनांची यादी. इथून तिथपर्यंत वक्ररेषा, आतला रंग लाल, कड दोन एकक जाड, असा तिचा मजकूर. त्यावरून प्रत्यक्ष पिक्सेल रंगवायचे काम ब्राउझरचे, इंकस्केपसारख्या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरचे किंवा छपाईच्या सॉफ्टवेअरचे, आणि प्रत्येकाचा हिशेब जरा निराळा. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये या स्वरूपाचे पहिले मानक प्रसिद्ध केले. त्यात आकारांच्या जोडीला स्टाइलशीट, फिल्टर, अॅनिमेशन आणि स्क्रिप्टही घातल्या गेल्या. एवढा पसारा सगळीकडे सारखाच चालेल, ही अपेक्षाच भाबडी.

साध्या भरीव आकारांतही गोची होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या नकाशात दोन तालुक्यांची सामाईक सीमा एखाद्या पिक्सेलच्या बरोबर मधून गेली, तर पहिला तालुका तो पिक्सेल निम्मा झाकतो. उरलेल्या पांढऱ्यातला निम्मा दुसरा झाकतो. म्हणजे २५ टक्के पांढरा तसाच राहतो. भूमितीत फट नाही, तरी पडद्यावर फिकट रेघ दिसते. नकाशे करणारे मग प्रत्येक आकाराला त्याच रंगाची पातळ कड देऊन ती रेघ बुजवतात. उपाय गावठी, पण चालतो.

मानकाच्या कच्च्या मसुद्यावर विसंबणेही अंगाशी येते. एसव्हीजी १.२ च्या मसुद्यात चौकटीच्या मापाने ओळी आपोआप मोडण्याची सोय होती. इंकस्केपने ती वापरात आणली आणि मसुदाच बारगळला. तशा फाइलींतला मजकूर ब्राउझरमध्ये गायब, तर कुठे त्याच्या जागी काळा चौकोन.

एरवीही सर्वांत जास्त छळतो तो मजकूरच. फाइलमध्ये बहुधा अक्षरे आणि फाँटचे नाव एवढेच असते. समोरच्या संगणकावर तो फाँट नसला की दुसरा येतो आणि ओळीची लांबी बदलते. देवनागरीत तेवढ्याने भागत नाही. रफार, जोडाक्षरे, ‘कि’मधली आधी येणारी वेलांटी जागेवर बसवायला हार्फबझसारखी यंत्रणा लागते. ती नसली तर वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते. म्हणूनच डीटीपीवाले छापखान्यात फाइल धाडण्याआधी कोरलड्रॉमध्ये मजकूर ‘कर्व्ह’ करतात. अक्षरांचे नुसते आकार उरतात, फाँटची गरज संपते. मात्र त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली तर टाइप करून ती सुधारता येत नाही. त्यामुळे कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि मूळ फाइल जपावी.