पोर्तुगीज वॉटर डॉग

पोर्तुगीज वॉटर डॉग ही पोर्तुगालच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावरील कोळ्यांनी जोपासलेली श्वानजात आहे. मासे जाळ्याकडे हाकणे, पाण्यात पडलेली साधने परत आणणे आणि होड्यांमध्ये निरोप पोहोचवणे ही तिची पारंपरिक कामे होत. नामशेष होत चाललेल्या या जातीचे पद्धतशीर प्रजनन १९३०च्या दशकात वास्को बेनसाउदे यांनी सुरू केले.

निगा

या जातीचे केस कुरळे किंवा लहरी व एकाच थराचे असतात. ते कमी गळतात, परंतु सतत वाढतात. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा विंचरणे आणि ठरावीक काळाने कातरणे आवश्यक असते. गुंता झाल्यास त्वचेलगत ओल साचून संसर्ग होऊ शकतो. पोहल्यानंतर अंग स्वच्छ पाण्याने धुऊन लोंबते कान कोरडे करावे लागतात. कुत्रा चपळ असल्याने त्याला रोज भरपूर व्यायाम लागतो.

उष्ण प्रदेशातील काळजी

शिर्डीसह अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. अशा हवामानात व्यायाम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्यावा लागतो. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात कुत्र्याला पोहू देणे धोक्याचे असते. निसरड्या उतारावर पंजे टिकत नाहीत. त्यामुळे उत्तम पोहणारा कुत्राही बाहेर पडू न शकल्याने दमून बुडू शकतो.