पिपलानीहून मुंबई: सल्ले रेल्वेचे, नियम विमानाचे

भोपाळच्या पिपलानीतल्या भेलच्या क्वार्टरमधून कुणी पहिल्यांदा विमानाने मुंबईला निघालं की दोन प्रकारचे सल्लागार उगवतात. एक, जन्मभर पंजाब मेलने गेलेले. दुसरे, अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले. बहुतेक गैरसमज या दोघांचेच.

रेल्वेवाले काका म्हणतात, "राजा भोज विमानतळ केवढासा! अर्धा तास आधी पोचलात तरी पुरे." विमानतळ लहान असला तरी घड्याळ मोठ्या विमानतळाचंच. देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक कंपन्यांचं काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट साधारण २५ मिनिटं आधी. घरून वेब चेक-इन केलं तरी मोठी बॅग द्यायची असेल तर काउंटरची मुदत चुकत नाही. त्यातून पिपलानी शहराच्या एका टोकाला, विमानतळ दुसऱ्या. अयोध्या बायपासवरच्या ट्रकांचा हिशेब धरूनच निघावं.

अमेरिकावाल्या मावशींचं म्हणणं, पाण्याची बाटली फेकावी लागते. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली नको, ही अट २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर आली आणि आपल्याकडे ती परदेशी उड्डाणांना लागते. मुंबईला जाताना बाटली खुशाल न्या.

खरी पंचाईत डब्यांची. चिवडा, लाडू, चकल्या यांना कुणी हरकत घेत नाही. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या? "खोबऱ्यात कसला धोका!" असं आपल्याला वाटतं. खोबऱ्यात तेल भरपूर. कोंदट जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतही ते आहे. चेक-इन बॅगेत ते बंद. तेव्हा वाट्या घरीच ठेवाव्यात. मुंबईत खोबरं मिळतं, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.

पॉवर बँकेचं उलटं. ती जड म्हणून लोक मोठ्या बॅगेत कोंबतात. तिच्यातली लिथियम बॅटरी पेटली तर सामानाच्या कप्प्यात पोचणार कोण? ती हातातल्या बॅगेतच हवी.

"स्वस्त तिकीट रद्द केलं की सगळे पैसे बुडाले," हेही अर्धसत्य. भाडं बुडेल, पण सरकारी कर आणि विमानतळाचं विकास शुल्क परत मिळायला हवं, असा विमान वाहतुकीच्या नियामकाचा, डीजीसीएचा, नियम आहे. रक्कम लहान असते, म्हणून कुणी मागत नाही.

आणि उशीर झाला तर? फलाटावर चहा आपल्या पैशाने प्यायची सवय असल्याने इथेही आपण गप्प बसतो. भोपाळ-मुंबईसारख्या दीडेक तासाच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलं असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. सहा तासांहून जास्त झाला तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत. काउंटरवर जाऊन विचारायचं, तेही चिवड्याचा डबा उघडण्याआधी.