सोयाबीन पाण्यात गेल्यावर पैसे कसे येतात

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडी धरणातून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालमच्या शिवारांत शिरली. सोयाबीन काढणीच्या तोंडावर होतं. समजा, काठावरच्या एका घराची अडीच एकर, म्हणजे हेक्टरभर कोरडवाहू जमीन आहे. या घराला मदत मिळते कशी?

आधी पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (हुद्द्यांची नावं बदलली, गावात जुनीच चालतात) नुकसान पाहतात. ते किमान ३३ टक्के भरावं लागतं. शेतात कोणतं पीक होतं, हे ई-पीक पाहणीवरून सातबाऱ्यावर चढतं. मोबाइलवरची ती नोंद राहून गेली असेल, तर घोळ इथूनच सुरू होतो.

तहसीलची माहिती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत विभागीय आयुक्तांकडे आणि तिथून मुंबईला जाते. शासन निर्णय निघाला की निधी मंजूर होतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात. ऐकायला सरळ वाटतं. पण वडील वारलेत आणि वारसाचा फेरफार झालेला नाही, किंवा गट सामाईक आहे आणि भाऊ पुण्याला, अशा घरांचे पैसे अडकतात. पुरापेक्षा हे कागदच जास्त दमवतात.

आता रक्कम. आपत्ती निधीच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वाढले आणि मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर झाली. म्हणजे आपल्या घराला १८,५००. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता; हिशेब केला तर साडेतीन क्विंटलचेही पैसे होत नाहीत. बऱ्या सालात एका एकरातही यापेक्षा जास्त पीक येतं. माती खरडून गेली असेल, तर हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली.

पीकविमा वेगळा. २०२४ पर्यंत एक रुपयात विमा होता आणि ७२ तासांत कळवलं, की ज्याच्या त्याच्या शेताचं नुकसान धरलं जाई. खरीप २०२५ पासून हे दोन्ही गेलं. आता पीक कापणी प्रयोगातून निघालेलं परिसराचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखाली असेल तरच भरपाई. शेजारच्या माळावरचं पीक तगलं, तर काठावरच्याचं नुकसान सरासरीत बुडतं.

बटाईनं कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून पैसे मालकाच्या खात्यात जातात. वाटा द्यायचा की नाही, हे त्याच्या मनावर. सोंगणीची मजुरी बुडालेल्यांचा तर पंचनामाच होत नाही. गंगाखेड, पालम भागातली अशी घरं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. उचलीला ना यादी लागते ना केवायसी, पण ती कोयत्यानं फेडायची असते, आणि हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते.