शिळ्या पोळीचा लाडू

पोळ्या अगदीं मोजून करणें एकत्र कुटुंबांत कोणासच साधत नाहीं. आमच्या घरीं रात्रीं चौदा पानें होतात; त्यांत एखादा बाहेर जेवून येतो, एखादें मूल न जेवतांच झोंपी जातें, आणि डब्यांत सहा-सात पोळ्या उरतात. सकाळीं त्या कोठें जातात याची चौकशी आम्ही, पस्तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली असूनही, कधीं केली नव्हती.

गेल्या श्रावणांत एके सकाळीं पाणी पिण्यास स्वयंपाकघरांत डोकावलों. बाहेर पुरुषमंडळी व मुलें यांपुढें गरम उपमा होता. आंत दोन्ही सुना चहाबरोबर रात्रीच्या पोळ्या खात होत्या. विचारतां धाकटी म्हणाली, "मामंजी, टाकायच्या कशा? कोणाला तरी खाव्याच लागतात." हें 'कोणाला तरी' म्हणजे कोणाला, तें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. सौभाग्यवतीस एकांतीं विचारलें, तेव्हां तिनें तीस वर्षें तेंच केल्याचें शांतपणें सांगितलें.

संवयीप्रमाणें आम्ही पोथ्यांकडे वळलों. गीतेच्या 17 व्या अध्यायांत पर्युषित, म्हणजे शिळें, अन्न तामसांस प्रिय म्हटलें आहे. पण मनुस्मृतीच्या 5 व्या अध्यायांत अपवाद आहे: तूप-तेल घातलेलें अन्न शिळें झालें तरी चालतें, आणि जव, गहूं व दूध यांचे पदार्थ तर स्नेहावांचूनही चालतात. (धर्मशास्त्र नेहमींच इतकें सोयीचें निघत नाहीं!) तेव्हां दोष पोळीचा नव्हे, ती कोणाच्या ताटांत पडते, याचा होता. तिचे लाडू करून सर्वांस वाढावे, असें आम्ही सुचविलें.

रीत सौभाग्यवतीच्या माहेरची. सहा घडीच्या पोळ्या घेऊन हातानेंच बारीक कुसकराव्या. यंत्रांतून काढल्यास फार पीठ होतें व लाडू चिकट लागतो. पाण्याचा हात मुळींच लावूं नये. मोठे तीन चमचे तूप तापवून त्यांत पाऊण वाटी चिरलेला गूळ घालावा, आणि तो विरघळून फेंस येतांच भांडें उतरावें. येथेंच बहुतेकांचें चुकतें: गुळाचा पाक झाला कीं लाडू दगडासारखा होतो. मग कुसकरा, भाजलेली खसखस, सुक्या खोबऱ्याचा कीस व वेलदोड्याची पूड घालून कोमट आहे तोंच लाडू वळावे. शिळ्या पोळीचा कडकपणा केवळ वाळल्यामुळें येत नाहीं. थंड झाल्यावर पिठांतील सत्त्व पुन्हां घट्ट बसतें म्हणून येतो. उष्णता लागतांच ती मऊ पडते, तें यामुळेंच. शीतकपाटांत ठेविलेली पोळी तर बाहेरच्या पोळीपेक्षां लवकर वातड होते. मात्र पावसाळ्यांत पोळीस आंबूस वास आला, बुरशी दिसली किंवा तार सुटली, तर काटकसर विसरून ती टाकावी.

पहिल्या दिवशीं लिंबाएवढे दहा लाडू झाले. मुलांनीं दोन-दोन मागितले; पंक्ति उठली तेव्हां परातींत खसखशीचे चार कण उरले होते, आणि सुना व सौभाग्यवती अद्याप जेवावयाच्या होत्या.

आतां रात्रीं तीन पोळ्या मुद्दाम जास्त लाटतात. त्यांस शिळें म्हणावें कीं काय, यावर घरांत वाद आहे. पण लाडू पंधरा होतात, आणि बायकांचे प्रथम वेगळे काढून ठेवण्याचें काम आम्ही आपल्याकडे घेतलें आहे.