बॅगेत मावणारा ताजा कप

अमेरिकेतल्या एरिन हेमिंग्ज यांनी 2003 मध्ये एक प्लास्टिकची कडी तब्बल 406 मीटर लांब फेकून विश्वविक्रम केला. ती कडी, 'एरोबी', कॅलिफोर्नियातले इंजिनिअर अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी बनवली होती. त्याच अ‍ॅडलर यांनी 2005 मध्ये 'एरोप्रेस' हे कॉफी करायचं उपकरण बाजारात आणलं. वीज नाही, मोटर नाही, तरी प्रवासात ताजी कॉफी मिळते.

अ‍ॅडलर यांची अडचण घरगुती होती. ड्रिप मशीन सहा-आठ कपांना ठीक, पण एकट्यापुरता कप करायला गैरसोयीचं. गाळणीवर पाणी ओतून कॉफी करावी, तर पाणी झिरपायला चार-पाच मिनिटं. पूड पाण्यात जितका जास्त वेळ राहील, तितका कडवटपणा वाढणार. मग पाणी आपोआप झिरपायची वाट न बघता हातानेच दाब दिला तर? या प्रश्नातून सिरिंजसारखी एक जाडजूड नळी तयार झाली.

नळीच्या तळाशी भोकांचं झाकण, त्यात कागदी फिल्टर. नळी कपावर ठेवायची, पूड टाकायची, साधारण 80 अंश सेल्सिअसचं पाणी ओतायचं आणि दहा सेकंद ढवळायचं. मग वरून दट्ट्या बसवून सावकाश दाबायचा. दट्ट्याचं रबर आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा थर असतो. ती हवाच पाण्याला पुडीतून खाली रेटते. फस्स असा आवाज आला की थांबायचं. सगळं मिनिटभरात उरकतं. पाणी उकळतं लागत नसल्यामुळे उंचावरही अडत नाही. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. एरोप्रेसला तेवढं पुरून उरतं.

खरी करामत मात्र कॉफी झाल्यावर दिसते. खालचं झाकण फिरवून काढलं आणि दट्ट्या थोडा पुढे सारला, की चोथ्याची घट्ट वडी टपकन कचऱ्याच्या डब्यात पडते. दट्ट्या सरकतो तसं त्याच्या रबराने नळी आतून पुसूनही निघते. उरलेलं काम वाटीभर पाण्यात होतं. प्रवासात ना बेसिन हाताशी असतं, ना घासणी. ज्याच्या सांदीकोपऱ्यात चोथा अडकतो, ते उपकरण कितीही छोटं असलं तरी दोन दिवसांत बॅगेच्या तळाशी जातं.

2019 मध्ये खास प्रवासासाठी 'एरोप्रेस गो' आलं. त्याची नळी आखूड केली, क्षमता थोडी घटवली आणि पिण्याचा मगच सगळं सामान ठेवायची पेटी झाला.

प्रवासात न्यायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या ब्लेंडरची गोष्ट मात्र वेगळी. घरचा मिक्सर सहसा 500 ते 750 वॉटचा असतो. बाटलीएवढ्या ब्लेंडरमध्ये 15 वॉट-तासांची बॅटरी आणि 150 वॉटची मोटर बसवली, तर पूर्ण चार्जवर ती जेमतेम सहा मिनिटं फिरेल. केळं-दूध सहज होतं. पण गोठलेल्या आंब्याची फोड पात्यांत अडकली की मोटर अडते, तिच्यातला विद्युतप्रवाह वाढतो आणि ती तापते. म्हणून मोटर अडताच वीज तोडणारं सर्किट हवंच, आणि भांडं नीट बसल्याशिवाय पाती फिरू न देणारी सोयही हवी. इथे काटकसर चालत नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत 'ब्लेंडजेट 2' चे सुमारे 48 लाख नग परत मागवण्यात आले. उपकरण तापून पेट घेण्याचा आणि पाती तुटण्याचा धोका हे त्यामागचं कारण होतं.

बॅटरीवर पाणी तापवणं तर त्याहून महागात पडतं. पाव लिटर पाणी 25 अंशांवरून 80 वर न्यायला सुमारे 16 वॉट-तास ऊर्जा लागते, आणि 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत असते साधारण 37. म्हणजे दोन कपांतच ती रिकामी व्हायला आली. अ‍ॅडलर यांनी हे काम उपकरणाबाहेरच ठेवलं. गरम पाणी थर्मासमधून घ्या, स्टोव्हवरून घ्या, नाहीतर हॉटेलच्या केटलीतून. प्रवासासाठी बॅटरीवर चालणारं उपकरण घ्यायला जाल तेव्हा बॅटरी किती वॉट-तासांची आहे हे खोक्यावर वाचा, आणि ते खोलून धुता येतं का, हे दुकानातच करून बघा.