संगणकावरून दूरध्वनी : थोडे शास्त्र, थोडा अनुभव

संपादक मंडळाने या अंकासाठी 'शास्त्रीय विषयावर, पण सर्वांना समजेल असे' काहीतरी लिहा म्हणून सांगितले, तेव्हा मराठीच्या अध्यापिकेने दूरध्वनीवर का लिहावे, असा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये निघालाच. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल. या विषयातले जे थोडेफार मला कळते, ते निगडीच्या आमच्या घरातल्या संगणकामुळे आणि आजीमुळे.

माझे धाकटे काका १९९८ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत, मिशिगनला गेले. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. आजी मात्र गावी, जुन्नर तालुक्यात. आमच्या शेताच्या बांधावरून आर्वीच्या उपग्रह केंद्राची भलीमोठी थाळी दिसे. १९७१ साली उभे राहिलेले हे केंद्र हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी बोले, आणि देशातले कितीतरी परदेशी दूरध्वनी त्याच वाटेने जात. म्हणजे लोकांचे बोलणे आजीच्या डोक्यावरून परदेशी जाई, पण तिच्या घरी फोन नव्हता. मुलाशी बोलायचे तर तिने नारायणगावहून एस.टी. धरावी, चाकण ओलांडून नाशिक फाट्याला उतरावे आणि तिथून पीसीएमटीच्या बसने निगडीला यावे. (आपल्या भागाचा परदेशी संदेशांशी संबंध त्याहूनही जुना आहे. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला होते.)

अमेरिकेला फोन म्हणजे त्या काळी मिनिटाला चाळीस-पन्नास रुपयांची गोष्ट. वडील हातात घड्याळ धरून उभे राहात. आजी ओरडून विचारी, "जेवलास का?" आणि तिकडून उत्तर येईपर्यंत वडील म्हणत, "आई, आटप."

हे इतके महाग का पडे? साधा दूरध्वनी लावला की दोन टोकांमधली एक वाट बोलणे संपेपर्यंत तुमच्यापुरती राखून ठेवली जाते. एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना आठ बिटांत मांडतात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिटांची वाट तुमच्या मालकीची. तुम्ही बोला, खोका किंवा गप्प बसा, ती दुसऱ्याला मिळत नाही. एस.टी.ची अख्खी गाडी एका माणसाने भाड्याने घेतल्यासारखे हे झाले. शिवाय या देशाच्या कंपनीने त्या देशाच्या कंपनीला कॉल पोचवल्याचे पैसे मोजायचे, आणि आपल्याकडे परदेशी दूरध्वनीचा धंदा बरीच वर्षे एकट्या विदेश संचार निगमाच्या हातात होता.

संगणक हेच काम टपालाच्या रीतीने करतो. आवाज आकड्यांत मांडायचा, गणिताने दाबून सेकंदाला आठ-दहा हजार बिटांवर आणायचा, त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालून वर पत्ता आणि क्रमांक टाकायचा, आणि पाकिटे इंटरनेटवर सोडून द्यायची. त्याच तारेवरून कोणाचे पत्र जात असते, कोणाचे छायाचित्र. वाट कोणाच्याच मालकीची नाही, म्हणून भाडेही वाटून जाते. पलीकडचा संगणक क्रमांक पाहून तुकडे जोडतो आणि आवाज ऐकवतो. १९९५ साली इस्रायलमधल्या व्होकलटेक या कंपनीने असा कार्यक्रम बाजारात आणला होता.

आपल्याकडे मात्र त्याला परवानगी मिळायला १ एप्रिल २००२ उजाडावा लागला. आणि तीही मोठी गमतीची. संगणकावरून संगणकावर कोठेही बोला, परदेशातल्या साध्या फोनवरही बोला, पण भारतातल्या साध्या फोनवर बोलायचे नाही! निगडीहून डेट्रॉइटच्या घरातली घंटा वाजवणे कायदेशीर, चाकणच्या घरातली वाजवणे बेकायदा. देशातल्या दूरध्वनी कंपन्यांचे उत्पन्न बुडू नये हा हेतू उघडच होता. ती मुभा परवानाधारक कंपन्यांना पुढे २०१८ साली मिळाली.

त्याच २००२ साली आमच्याकडे संगणक आला. काकांकडे होताच, तेव्हा लागे तो फक्त इंटरनेटच्या तासांचा आणि स्थानिक कॉलचा खर्च. दिवाळीच्या आधी, एका रविवारी सकाळी (तिकडे शनिवारची रात्र) आजीच्या कानांना हेडफोन लावून तिला खुर्चीवर बसवले. मोडेम किंचाळला, जोडणी झाली, आणि ती पाऊण तास बोलली. घड्याळ कोणी धरले नव्हते. मधे मधे ती नुसतीच गप्प बसे आणि हसे. त्या गप्प बसण्यालाही आता पैसे पडत नव्हते.

अखेर तिने विचारले, "दिवाळीला येतोस ना?" जरा वेळाने तिचा चेहरा उजळला. तेवढ्यात जोडणी तुटली. "काय म्हणाला?" "यायला जमणार म्हणाला."

आजी गावी गेली. तिने घर सारवले, भिंतींना चुना दिला, अनारशांचे पीठ केले, आळीभर सांगितले. पंधरा दिवसांनी काकांची ई-मेल आली, तीत सुट्टी न मिळाल्याचा विषय सहज आला होता. ते म्हणाले होते, "या दिवाळीला यायला जमणार नाही."

आता शास्त्र. ई-मेलचे एखादे पाकीट वाटेत हरवले तर संगणक ते पुन्हा मागवून घेतो. अर्धा मिनिट गेला तरी बिघडत नाही. बोलण्यात तसे करता येत नाही, कारण उशिरा आलेला शब्द पुढच्या शब्दावर आदळेल. म्हणून हरवले ते हरवले, असे ठरवूनच ही यंत्रणा चालते. एखाद-दुसरा तुकडा गेला तर कानाला कळतही नाही. पण त्या वेळच्या टेलिफोनच्या तारेवर दाटी झाली की लागोपाठ वीस-पंचवीस पाकिटे गळत, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात 'नाही' हा शब्द आरामात मावतो. आणि विद्यार्थी मित्रहो, इथे व्याकरणाचा प्रश्न येतो. इंग्रजीत नकार क्रियापदाला चिकटून वाक्यात लवकर येतो, तो गळला तर पुढचे वाक्यही बहुधा फाटलेले ऐकू येते. आपण मराठीत सगळे वाक्य बोलून शेवटी 'नाही' म्हणतो. तो गळला तरी उरलेले वाक्य धडधाकट, आणि अर्थ नेमका उलटा!

आजीला बातमी सांगायला वडील स्वतः गावी गेले. ती काही बोलली नाही. पीठ तयार होते, अनारसे झाले, आणि ते आम्ही सर्वांनी खाल्ले.

पुढे तारा सुधारल्या. २००३ साली स्काइप आले, घरोघर रुळले आणि मे २०२५ मध्ये बंदही झाले. आज चाकणच्या कारखान्यातला नांदेडचा किंवा बिहारचा मुलगा खोलीवर पडून घरच्यांशी चित्रासह बोलतो, तेही पाकिटांनीच. मोबाइलचे साधे कॉलसुद्धा आता बहुतेक त्याच रीतीने जातात, आणि पाकिटे अजूनही गळतात.

आजीने मात्र त्या दिवाळीनंतर काकांना शिस्त लावली. "आधी नाही म्हण," ती सांगे, "मग काय जमणार नाही ते सांग." काका अजून तसेच बोलतात. परवा फोनवर म्हणाले, "नाही. या मे महिन्यात यायला जमणार नाही." बोलणे अगदी स्वच्छ ऐकू येत होते.