भोंगे थांबल्यावर

होळकरांचं नाव सांगणाऱ्या मल्हारगंजाच्या इंदूरचं पोट एकेकाळी कापड गिरण्यांवर चालायचं. माळव्याची काळी माती, तिच्यातला कापूस आणि संस्थानाचा आश्रय यांवर गिरण्या वाढल्या. 1990 च्या दशकाच्या आरंभी त्यांतल्या हुकूमचंद मिलचेही भोंगे थांबले.

पण शहर बसलं नाही. का, ते जर्मनीच्या उदाहरणावरून कळतं. तिथल्या रूर खोऱ्यात कोळशाचा धंदा उतरणीला लागलेला असताना 1965 मध्ये बोखुममध्ये विद्यापीठ सुरू झालं. शेवटची कोळसा खाण 2018 मध्ये बंद झाली. म्हणजे नवं आधी उभं राहिलं, जुनं नंतर गेलं. तसंच इंदूरजवळच्या पीथमपुरात आयशरचे ट्रक 1980 च्या दशकातच बनू लागले होते. एका मोठ्या कारखान्याभोवती सुट्या भागांचे छोटे कारखाने येतात, मग कुशल कामगार, वाहतूकदार. पुढच्या कारखान्याला हे सगळं आयतं मिळतं. 2021 मध्ये पीथमपुरात वाहनचाचणीचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅकही सुरू झाला. सोयाबीन आणि आयटी हे शहराचे आणखी दोन आधार.

मात्र गिरणीतल्या साच्यावरचा कामगार पीथमपुरात आपोआप पोचत नाही. हुकूमचंदच्या कामगारांची थकबाकी सुटायला डिसेंबर 2023 उजाडला. शहर सावरलं असं म्हणताना ही तीस वर्षं कुठल्या खात्यात धरायची?